लो-कार्ब, लो-फॅट, लिक्विड डाएट की उपास: आतड्यातले जिवाणू धरून केलेली तुलना

कोणत्या आहाराने जास्त वजन उतरतं, एवढाच प्रश्न असेल तर तुलना पाच मिनिटांत आटोपते. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने कर्बोदकं. कॅलरी मोजायला कुणालाच सांगितलं नव्हतं. साखर आणि मैदा दोघांनीही टाळायचा, भाज्या दोघांनीही भरपूर खायच्या, एवढी अट सारखी. वर्षाच्या शेवटी लो-फॅट गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं होतं आणि लो-कार्ब गटाचं ६ किलो. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक धरण्यासारखा नाही. खरी गंमत प्रत्येक गटाच्या आत होती. तोच आहार घेऊन कुणाचं तीस किलोंच्या आसपास गेलं, तर कुणाचं दहाएक किलोंनी वाढलं.

मग निवडायचं कशावरून? माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हिशेब लागेल. पहिल्या तीन महिन्यांतल्या काट्यावरून आहार निवडू नका. वजन उतरल्यावर ते टिकवायच्या काळात तुमच्या मोठ्या आतड्यापर्यंत रोज काय पोचणार आहे, यावरून निवडा. असं का, ते कळायला आधी थोडं आत डोकवावं लागेल.

जिवाणू आणि जनुकं यांचा संबंध येतो कुठे

माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. त्यांचं एकूण वजन मात्र जेमतेम दोनशे ग्रॅम. ‘दीड-दोन किलो जिवाणू’ हा आकडा अजून सगळीकडे फिरतो, त्याला आधार नाही. हे जिवाणू तुमची जनुकं बदलत नाहीत. कोणतं जनुक कुठल्या पेशीत किती जोरात काम करणार, यावर मात्र त्यांचा हात असतो.

याचा पहिला ठसठशीत पुरावा २००४ साली मिळाला. सेंट लुइसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर होते, आतड्यात एकही जिवाणू नसलेले. त्यांना साध्या उंदरांचे जिवाणू दिल्यावर दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीसुद्धा पूर्वीपेक्षा कमी खाऊन. कारणांचा माग काढल्यावर एक जनुक सापडलं. आतड्याच्या अस्तरात ‘फियाफ’ नावाचं प्रथिन बनतं आणि ते रक्तातली चरबी पेशींत साठवणाऱ्या एन्झाइमला अडवून धरतं. जिवाणू आल्यावर अस्तरातलं हे जनुक मंदावलं, अडसर गेला आणि साठवण वाढली.

उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हे पुढच्या दहा वर्षांत पुरेसं दिसलं. लठ्ठ माणसांत अमुक कुळाचे जिवाणू जास्त, सडपातळांत तमुक कुळाचे, हे २००६ च्या सुमारास फार गाजलं. ‘फर्मिक्युट्स’ आणि ‘बॅक्टेरॉइडीट्स’ यांचं गुणोत्तर मोजून लठ्ठपणाचं निदान होईल असं वाटत होतं. नंतर अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केल्यावर हा संबंध फारच लेचापेचा निघाला. आजही कुणी तेवढ्या गुणोत्तरावरून आहार सुचवत असेल तर तो सल्ला जुन्या बातमीवर चाललाय.

माणसांतही भक्कमपणे उभी राहिलेली गोष्ट वेगळी आहे. वाटीभर कडधान्य खाल्लं की त्यातली साखर, पिष्ट, प्रथिनं लहान आतड्यात शोषली जातात. उरतात ते तंतुमय पदार्थ, म्हणजेच फायबर, आणि थोडं न पचलेलं पिष्ट. ते फोडायला लागणारी एन्झाइम्स आपल्याकडे नाहीतच. काही तासांनी हा ऐवज मोठ्या आतड्यात पोचतो, तिथे जिवाणू तो आंबवतात, आणि त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही छोटी आम्लं तयार होतात. यातलं ब्युटिरेट आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तिथल्या तिथे वापरून टाकतात, त्यांच्या ऊर्जेचा मोठा भाग त्यातूनच येतो. जे वापरून संपत नाही ते पेशीच्या केंद्रकात शिरतं. तिथे डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर असिटिल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा असल्या की ती गुंडाळी सैल राहते आणि तिथली जनुकं वाचली जातात. या खुणा पुसणारी एन्झाइम्स असतात, आणि ब्युटिरेट त्यांनाच रोखतं. म्हणजे कडधान्याचा काल खाल्लेला कोंडा आज अस्तरातल्या जनुकांचं काम ठरवण्यात भाग घेतो.

हीच आम्लं अस्तरातल्या काही खास पेशींच्या ग्राहींना जाऊन भिडतात, आणि मग जीएलपी-१ व पीवायवाय ही पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं सुटतात. यावरून ‘फायबर म्हणजे नैसर्गिक सेमाग्लुटाइड’ अशा पोस्टी फिरतात. सेमाग्लुटाइड म्हणजे जीएलपी-१ची नक्कल करणारं, वजन उतरवण्याचं औषध. शरीरातलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं होतं, औषधातलं निम्मं व्हायला आठवडा लागतो. दोघांची बरोबरी लावणं म्हणजे शुद्ध जाहिरात.

लो-कार्ब आणि कीटो

कीटो म्हणजे लो-कार्बचं टोक: कर्बोदकं जवळजवळ बंद, मग शरीर चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ बनवून त्यांवर चालतं. भूक मरते, रक्तातली साखर लवकर आटोक्यात येते, पहिल्याच आठवड्यात काटा खाली सरकतो. सुरुवातीची घट मुख्यतः पाण्याची असली तरी त्याने हुरूप येतो, आणि हुरूप ही काही फालतू गोष्ट नाही.

जिवाणूंच्या बाजूने चित्र एवढं गोड नाही. अॅबरडीनच्या रोवेट संस्थेत २००७ साली १९ लठ्ठ स्वयंसेवकांना क्रमाने कमी-कमी कर्बोदकांचा आहार दिला गेला. दिवसाला सुमारे ४०० ग्रॅमवरून १६४ ग्रॅम, आणि शेवटी फक्त २४ ग्रॅम. विष्ठेतलं ब्युटिरेट जवळजवळ एक-चतुर्थांशावर आलं, आणि ते बनवणारे रोझब्युरियासारखे जिवाणूही त्याच प्रमाणात घटले. पुढे २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पीटर टर्नबॉ यांच्या गटाने कीटो आहारावरच्या १७ पुरुषांचे नमुने तपासले, तेव्हा बायफिडोबॅक्टेरिया हे एरवी उपकारक मानले जाणारे जिवाणू उतरलेले दिसले. उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं की खुद्द कीटोनच त्यांची वाढ रोखतात. मात्र त्याच उंदरांच्या आतड्यात दाह वाढवणाऱ्या एका जातीच्या पेशीही कमी झाल्या. म्हणजे जिवाणू बदलले म्हणून बिघडलंच, असं सरसकट म्हणता येत नाही.

फायबर दीर्घकाळ मिळालं नाही तर काय होतं, ते २०१६ च्या एका प्रयोगात दिसलं, पुन्हा उंदरांतच. उपाशी जिवाणू आतड्याच्या आतून असलेल्या श्लेष्माच्या थरावर तुटून पडले. रेशन बंद केलेल्या भाडेकरूने भिंतीचा गिलावा खरवडून खावा, तसं. थर पातळ झाल्यावर रोगजंतूंना आत शिरणं सोपं गेलं.

म्हणून लो-कार्बच करायचं असेल तर त्यातही निवड आहे. मांस, चीज आणि अंडी यांवरच बेतलेलं कीटो एकीकडे. पालेभाज्या, सुकामेवा, बिया आणि थोडी कडधान्यं ठेवून केलेलं मध्यम लो-कार्ब दुसरीकडे. गार्डनर यांच्या अभ्यासातले बहुतेक लोक या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचे होते. पहिला प्रकार दोन-तीन महिने करून सोडायचा असेल तर ठीक. ‘आता कायमचं हेच’ असं कुणी म्हणालं की मी तरी त्याला थोडं थांबवीन.

लो-फॅट, पण फायबरने भरलेलं

यातला ‘पण’ महत्त्वाचा. पाकिटावर ‘लो-फॅट’ लिहिलेली बिस्किटं आणि गोड दही या खात्यात बसत नाहीत. स्निग्ध पदार्थ काढून त्या जागी मैदा आणि साखर घातली तर मोठ्या आतड्याच्या वाट्याला काहीच येत नाही.

खऱ्या अर्थाने वनस्पतीप्रधान, कमी तेला-तुपाच्या आहाराची कीटोशी समोरासमोर गाठ २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी घालून दिली. वीस जणांना तिथेच ठेवून प्रत्येकाला दोन आठवडे एक आणि दोन आठवडे दुसरा आहार दिला, हवं तेवढं खायची मुभा देऊन. लो-फॅटच्या काळात लोकांनी दिवसाला सुमारे ६९० कॅलरी आपणहून कमी खाल्ल्या, आणि भुकेची तक्रार वाढली नाही. वजन दोन्हीकडे घटलं, पण शरीरातली चरबी लक्षणीय घटली ती फक्त लो-फॅटमध्ये. दोन आठवड्यांचा प्रयोग वर्षाला लागू होत नाही. तरी ‘कर्बोदकं खाल्ली की इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन वाढलं की भूक पेटते’ हे जे ठामपणे सांगितलं जातं, ते इथे तरी खरं ठरलं नाही.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०२३ चा, १७ जणांवरचा प्रयोग. त्यात एकीकडे प्रक्रिया केलेलं, फायबर नसलेलं जेवण होतं आणि दुसरीकडे फायबर, न पचणारं पिष्ट आणि कमी दळलेलं-कमी बारीक केलेलं अन्न. लोक बंद कक्षात राहत होते, आत गेलेलं आणि बाहेर पडलेलं सगळं मोजलं जात होतं. फायबरच्या आहारावर सरासरी ११६ कॅलरी जास्त रोज शरीरात न शोषता विष्ठेतून बाहेर पडल्या. त्यातला बराच भाग वाढलेल्या जिवाणूंच्या वस्तुमानात गेला होता. भूक मात्र वाढली नाही. सगळ्यांना हा फायदा सारखा मिळाला नाही, कुणाला जास्त, कुणाला नगण्य. लेबलवरची कॅलरी आणि अंगी लागलेली कॅलरी यांत फरक पडतो तो असा.

फायबरचा फायदा कुणाला जास्त होणार, याचा एक अंदाज कोपनहेगन विद्यापीठाच्या कामातून येतो. ज्यांच्या आतड्यात बॅक्टेरॉइड्स या जिवाणूंच्या तुलनेत प्रेव्होटेला जातीचे जिवाणू जास्त होते, त्यांची फायबरयुक्त आहारावर चरबी जास्त उतरली. हे विश्लेषण प्रयोग झाल्यावर, जुनी आकडेवारी पुन्हा चाळून केलेलं आहे. त्यावरून लगेच प्रेव्होटेला मोजायला धावू नये.

तोटा? गॅस. आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. बरेच लोक फायबर सोडतात ते याच कारणाने.

लिक्विड डाएट, ८०० कॅलरींचं

आकड्यांच्या शर्यतीत हाच जिंकतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या बर्लिन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संयुक्त अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या ८० स्त्रिया होत्या. त्यांतल्या आहार-गटातल्या स्त्रियांना काही आठवडे दिवसाला ८०० कॅलरींच्या द्रव मिश्रणावर ठेवलं. वजन भरपूर उतरलं. आहारानंतरचे त्यांचे जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडले, तर उंदरांचंही वजन आणि चरबी घटली. इथवर सगळं छान. मग कळलं की या स्त्रियांच्या आतड्यात ‘सी. डिफिसिल’ हा जुलाब आणि आतड्याचा दाह घडवणारा जिवाणू वाढला होता, आणि उंदरांचं वजन घटण्यामागे त्याचा हात होता. त्या स्त्रिया आजारी पडल्या नाहीत. पण वजन उतरवणारे जिवाणू म्हणजे चांगले जिवाणू, हे समीकरण तिथेच मोडलं.

शस्त्रक्रियेआधी किंवा मधुमेह मागे ढकलण्यासाठी डॉक्टर हा मार्ग सुचवतात, तेव्हा तो त्यांच्या देखरेखीखाली जरूर करावा. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, हे लक्षात ठेवून. पावडरचा डबा आणून स्वतःच्या मनाने सुरू करण्याची ही गोष्ट नव्हे.

वेळेच्या चौकटीतलं खाणं

म्हणजे रोज ठरावीक तासांतच खायचं आणि उरलेला वेळ उपास. थोडक्यात सांगतो. जिवाणूंनाही दिवस-रात्रीची लय असते आणि खाण्याच्या वेळांनी ती बदलते, हे उंदरांत दिसलंय. वजनाच्या बाबतीत मात्र २०२२ चा चीनमधला १३९ जणांचा वर्षभराचा अभ्यास पुरेसा आहे. दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या होत्या, एकाने त्या सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेत संपवल्या. त्या गटाची घट ८ किलो आणि दुसऱ्याची ६.३ किलो, फरक अर्थपूर्ण नाही. रात्री फ्रिज उघडायची सवय मोडायला घड्याळ कामी येत असेल तर जरूर वापरा. ताटात काय आहे हा प्रश्न त्याने सुटत नाही.

चाचण्या आणि कॅप्सूल

निवड करायला बसलेल्या माणसापुढे लगेच दोन किट येतात, एक थुंकीचं आणि एक विष्ठेचं. थुंकीच्या चाचणीत एफटीओ हे जनुक हमखास असतं. त्याची जोखमीची प्रत दोन्ही आईवडिलांकडून आलेल्यांचं वजन सरासरी तीनेक किलो जास्त असतं, हे खरं. पण २०१६ साली वजन उतरवण्याच्या आठ प्रयोगांतल्या साडेनऊ हजार लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा या प्रतीमुळे आहाराने वजन उतरण्यात काहीही फरक पडत नाही असं निघालं. गार्डनर यांनीही जनुकांवरून ‘हा लो-फॅटचा माणूस, हा लो-कार्बचा’ असं ओळखता येतं का ते तपासलं होतं. नाही आलं.

विष्ठेच्या चाचणीचा प्रश्न वेगळा. गार्डनर यांच्याच अभ्यासातल्या काहींचे जिवाणू वर्षभर तपासले होते. तीन महिन्यांनी ते बदललेले दिसले, आणि बाराव्या महिन्यापर्यंत बरेचसे मूळ पदावर आले, आहार आणि घटलेलं वजन कायम असतानाही. मग एका दिवसाच्या नमुन्यावरून वर्षाचा आहार ठरवण्यात काय अर्थ?

जिवाणूंच्या कॅप्सूलमध्ये त्यातल्या त्यात दम आहे तो अकरमॅन्सिया या आतड्यातल्या जिवाणूत. २०१९ च्या बेल्जियममधल्या छोट्या चाचणीत पाश्चरायझेशन केलेल्या, म्हणजे मेलेल्या अकरमॅन्सियाने इन्सुलिनचा परिणाम सुधारला. वजनातली घट मात्र नोंद घेण्याइतकी नव्हती. आंबवलेल्या पदार्थांची बाजू त्याहून भक्कम आहे. स्टॅनफर्डच्या २०२१ च्या प्रयोगात ३६ निरोगी लोकांपैकी ज्यांनी दही, केफिर (आंबवलेलं दूध), आंबवलेल्या भाज्या असं भरपूर खाल्लं, त्यांच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी निगडित १९ प्रथिनं रक्तात उतरली. फायबर वाढवलेल्या गटात विविधता वाढली नाही, हे संशोधकांनाही अनपेक्षित होतं. तो प्रयोग वजन उतरवण्याचा नव्हता. वरच्या कोणत्याही आहारात आंबवलेलं काहीतरी बसतं, म्हणून त्याला वेगळा पर्याय न धरता जोड धरावं.

वजन उतरल्यानंतरचा काळ

आता माझ्या मताचं कारण. २०२४ साली झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की लठ्ठपणाच्या खुणा चरबीपेशींच्या जनुकांवर वजन उतरल्यावरही शिल्लक राहतात. शस्त्रक्रियेने वजन घटवलेल्या माणसांच्या चरबीत दोन वर्षांनीही अनेक जनुकांचं काम पूर्ववत झालेलं नव्हतं. उंदरांत तर अशा ‘आठवण’ राहिलेल्या पेशींनी पुन्हा चरबीयुक्त अन्न मिळताच जास्त वेगाने साठवण केली. त्याआधी २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने हेच जिवाणूंबाबत दाखवलं होतं: उंदीर बारीक झाले तरी त्यांचे जिवाणू कितीतरी काळ लठ्ठपणाच्याच वळणाचे राहिले, आणि वजन परत वाढण्याला त्यांनी हातभार लावला.

शरीर दोन्ही बाजूंनी जुन्या वजनाकडे ओढत असेल, तर तीन महिने टिकणारा झटका कामाचा नाही. वर्षानुवर्षं चालेल असा आहार लागतो. चारांपैकी एक निवडायला सांगितलं, तर मी फायबरने भरलेला लो-फॅट, मध्यम कॅलरींचा आहार पुढे करतो. रक्तातली साखर वाढलेली असेल किंवा भूक आवरतच नसेल, तर भाज्या-बिया ठेवून केलेलं मध्यम लो-कार्ब त्याच्या पाठोपाठ. मधुमेहाची औषधं, विशेषतः इन्सुलिन किंवा लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या चालू असतील, तर कर्बोदकं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलणं अपरिहार्य आहे. त्यात साखर अचानक उतरण्याचा आणि कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होण्याचा, खरा धोका असतो.

फायबर वाढवताना घाई करू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते, आणि बहुतेकांची सुरुवात त्याच्या बरीच खालून होते. दर आठवड्याला चार-पाच ग्रॅम वाढवा, पाणी वाढवा, कडधान्यं नीट भिजवून शिजवा. इरिटेबल बॉवेलचा (आतडं चटकन बिथरण्याचा) त्रास असलेल्यांनी कडधान्यं, कांदा, लसूण यांच्यापासून सुरुवात न करता ओट्स किंवा इसबगोलपासून करावी, ते बहुतेकांना सोसतं. तीन-चार आठवड्यांत पोट रुळलं नाही, तर प्रमाण एक पायरी खाली आणून तिथेच थांबलं तरी चालतं.